एक्केचाळीसावी पेटी

१

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी मतमोजणी केंद्राच्या मागच्या फाटकातून जमाव आत शिरला. अकरा एकतीसला फाटकावरचा पहारेकरी मेला.

सहा कर्मचारी जखमी झाले. मागच्या बाजूची मांडणी पेटवली गेली. तिच्यावर अडतीस ते बावन्न क्रमांकाच्या मतपेट्या होत्या. पेट्या प्लास्टिकच्या. आग विझली तेव्हा तिथे एक काळा गोळा उरला होता, आणि त्यात पंधरा पेट्या होत्या की चौदा, हे ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता आलं नसतं.

प्रश्न नेमका तोच होता. केंद्रापासून तीनशे पावलांवर मैदान. तिथे अकरा वाजून पाच मिनिटांनी नेत्याचं भाषण संपलं होतं, असं पोलिसांनी आपल्या नोंदीत दोनदा खाडाखोड करून लिहिलं. नेता दोनदा निवडून आलेला आणि या वेळी पहिल्या फेरीपासून मागे पडलेला. "माझी एक्केचाळीस नंबरची पेटी केंद्रात पोचलीच नाही," असं त्याने माईकवरून सांगितलं. लोक पेटी शोधायला गेले. पुढचं वर आलंच आहे.

पेटी आली होती की नाही, हे एका कागदावरून कळलं असतं. सील तपासणीचा तक्ता: बावन्न पेट्या, प्रत्येकीपुढे शेरा, खाली सगळ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या. तो हेडक्लार्कच्या टेबलावरच्या फायलीत असायला हवा होता. टेबलाला धग लागली नव्हती. फाईल जागेवर होती, तिची नाडीही नीट बांधलेली होती. आत तक्ता नव्हता.

बुधवारी सकाळी हेडक्लार्क निलंबित झाला. पेटी गायब करून तक्ताही त्यानेच गायब केला, आणि त्या पापातून दंगल झाली, असा त्याच्यावरचा आरोप. चौकशी एका बाईंकडे आली. कचेरीत त्यांना पाठीमागे 'टाचणी' म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. अहवालाची मुदत शुक्रवार, संध्याकाळी पाच. पाचला कागद मिळाला नाही तर हेडक्लार्कला अटक होणार होती, पहारेकऱ्याच्या मृत्यूसकट.

"सोपं काम आहे," वरिष्ठ म्हणाले. "माणूस आहेच. फक्त टोचायचं."

"कुठे, ते आधी बघते," टाचणीबाई म्हणाल्या.

२

हेडक्लार्क मेहुणीच्या घरी होता. त्याच्या स्वतःच्या घराची एकही काच शाबूत नव्हती. निवृत्तीला पाच महिने उरलेला माणूस, खुर्चीच्या टोकावर बसलेला, जणू हीही खुर्ची कुणी मागायला येईल.

"तक्ता केला होता ना, भाऊसाहेब?"

"बाई, चौतीस वर्षं झाली. एखाद्या दिवशी सकाळचा चहा विसरेन, पण तक्ता नाही."

आतून त्याची बायको म्हणाली, "चहा कधी विसरलेत, ते पण लिहून घ्या हो बाई. मी लग्नापासून वाट बघतेय."

हेडक्लार्क हसला नाही, पण पाठ खुर्चीला टेकली. मग त्याने सगळं क्रमाने सांगितलं. सकाळी आठला पेट्या एकेक करून समोर येतात. प्रतिनिधी सील बघतात. सगळ्यांनी मान डोलावली की तो स्वतः पेटीच्या कडीला लाल फितीची गाठ मारतो. ही गाठ कुठल्या नियमात नाही. त्याच्या पहिल्या साहेबांनी लावलेली शिस्त: गाठ म्हणजे 'तपासली'. शेवटची गाठ आठ चाळीसला बसली, सह्या झाल्या, तक्ता फायलीत गेला.

"एक्केचाळीसलाही गाठ?"

हेडक्लार्कने चष्मा काढला. "तिथेच तर फीत संपली. चाळीसपर्यंत पुरली. भांडार सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला. प्रतिनिधी घड्याळं बघायला लागले. तेव्हा पहारेकऱ्याने खिशातून पिवळी रिबीन काढली. नवी कोरी. पोरीसाठी सकाळीच घेतली होती. म्हणाला, 'भाऊसाहेब, ही बांधा, संध्याकाळी दुसरी घेईन.' एक्केचाळीसला ती बांधली. तेवढ्यात भांडारातून नवं रीळ आलं. बेचाळीसपासून पुन्हा लाल."

"हे तक्त्यात लिहिलंत?"

"शेऱ्यात. 'फीत संपल्याने पिवळी रिबीन.' माझी सवयच तशी. पण आता तक्ता कुठाय आणि रिबीन कुठाय."

रिबीन गोळ्यात गेली होती. इतर दोन उमेदवारांचे प्रतिनिधी 'पेटी होती' असं शपथेवर सांगायला तयार होते; नेत्याचे लोक त्यांना विकले गेलेले म्हणत होते. शब्दाला शब्द. टाचणीबाईंनी ओळ लिहून घेतली आणि केंद्रावर गेल्या.

पुढच्या दाराशी झडतीचं टेबल तसंच होतं. प्रतिनिधीला आत फोन नेता येत नाही. कागदाचा चिटोराही नाही. खिसे उलटे करून दाखवायचे, फोन खणात ठेवायचा, टोकन घ्यायचं. आत जाताना सोबत फक्त एक पेन.

"दंगल झाली तेव्हा सगळे इथूनच पळाले," झडतीवरची पोलीस बाई म्हणाली. "जीव मुठीत, पण फोन घेऊन गेला हो प्रत्येकजण. माणूस बायकोला विसरेल, फोनला नाही."

"मग तो कुणाचा?"

खणांच्या तळाच्या ओळीत एक फोन अजून पडून होता. सतरा नंबर. पोलीस बाईने वही उलटली, बोट खाली नेलं, आणि वाचण्याऐवजी वहीच पुढे केली.

सतरा नंबरपुढे नेत्याच्या पुतण्याची सही होती.

३

गुरुवारी दहा वाजता नेत्याने टाचणीबाईंना दारापर्यंत येऊन आत नेलं. मोठ्या घरची रीत. खुर्ची त्याने स्वतः ओढून दिली.

"बाई, मला त्या पहारेकऱ्याचं फार वाईट वाटतं. मी त्याच्या घरी माणूस पाठवला होता."

"त्यांनी दार उघडलं नाही, असं ऐकलं."

"दुःखात असतात लोक." त्याने क्षणभर डोळे मिटले. "पण मला सांगा, प्रश्न विचारणं गुन्हा आहे का? मी एवढंच विचारलं, माझी पेटी कुठाय. आणि शांतता पाळा म्हणालो. एकदा नाही, तीनदा. मी दगड उचलला? काडी ओढली? लोकांच्या भावना आहेत, त्यांना मी लगाम घालू?"

"पेटी आली नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"प्रतिनिधीनं. माझा पुतण्याच तो. दहा पस्तीसला केंद्रातून फोन केला. म्हणाला, काका, एक्केचाळीस दिसत नाही. मी विश्वास ठेवला." नेत्याने आवाज किंचित उतरवला. "पोर कच्चं आहे हो. त्याच्या बघण्यात चूक झाली असेल तर त्याला विचारा. मी काय, सांगितलं ते बोललो."

पुतण्या दारातच उभा होता. तिशीचा माणूस, हातात कागदांची चळत. त्याने ऐकलं हे टाचणीबाईंना दिसलं, कारण चळतीचं वरचं पान त्याने दुमडून टाकलं. नेत्याने त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. करून सवरून नामानिराळं राहायचं, तर कुणाच्या तरी डोक्यावर हात ठेवावा लागतोच; तो घरातलाच असला की दूर जावं लागत नाही.

सतरा नंबरच्या फोनबद्दल टाचणीबाई काही बोलल्या नाहीत. त्या भिंतीकडे बघत होत्या. काचेच्या कपाटात एकसारख्या फायली, पुठ्ठ्यावर सालं.

"ते माझं वेड," नेता खुलला. "भाषणाला चढण्याआधी मी मुद्दे लिहितो. हाताशी येईल त्या कागदावर. पाठकोरं असो, लग्नाची पत्रिका असो. उतरलो की चिठ्ठी याच्याकडे देतो. हा तारीख, जागा लिहून लावून ठेवतो. दोनशे अकरा भाषणं! उद्या आत्मचरित्र लिहायचं तर आठवणीच्या भरवशावर कसं चालेल?"

"सगळ्या चिठ्ठ्या?"

"एकही हरवलेली नाही," नेता म्हणाला. "विचारा याला."

पुतण्याने हातातली चळत सारखी केली. कपाटाकडे मात्र बघितलं नाही. एवढ्या मोठ्या खोलीत त्याची नजर सगळीकडे फिरली, तेवढी जागा सोडून.

४

शुक्रवारी दोन वाजता टाचणीबाई माईकवाल्याच्या दुकानात पोचल्या. त्याला सगळं गाव 'हॅलो' म्हणे. त्याने स्टूल पुसून दिलं आणि विचारायच्या आतच म्हणाला, "भाषण हवंय ना? आहे. मी प्रत्येकाचं भाषण टिपून ठेवतो. टाळ्या पडल्या नाहीत की पुढारी म्हणतात माईक खराब. मग मी ऐकवतो. माईक ठणठणीत, साहेब, भाषणच बसलं होतं."

त्याने यंत्र लावलं. आवाज घुमला. पहिली काही मिनिटं उपकारांची यादी. मग:

"अरे, ज्यांना मतपेटी बांधायला साधी फीत मिळत नाही, पोरीच्या वेणीची पिवळी रिबीन बांधावी लागते, त्यांच्या हातात तुमची मतं!"

लोक खदखदून हसले. टाचणीबाईंनी हात वर केला.

"मागे घ्या."

पुन्हा रिबीन, पुन्हा हशा. मग लगेच, "आणि माझी एक्केचाळीस नंबरची पेटी? ती तर आलीच नाही!" गर्दीतून आरोळी. "जा, विचारा त्यांना. मागचं फाटक उघडं आहे, पुढे गर्दी करू नका. पण शांततेनं. शांततेनं. शांततेनं!"

टाचणीबाईंनी भांडाराला फोन लावला. त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या पेटीला रिबीन होती का? भांडारवाली म्हणाली, छे, एकीलाच. नवं रीळ तिने स्वतः धावत नेऊन दिलं होतं, आठ पंचवीसला.

म्हणजे रिबीन बघितलेल्या माणसाने एक्केचाळीस बघितली होती, तपासून गाठ मारलेली. नेत्याला रिबीन ठाऊक होती. ती कुठल्या पेटीची, हे विचारायची त्याला गरज वाटली नसावी. विनोद हाताला लागला आणि सोडवला नाही. खाई त्याला खवखवे.

पण हे अजून ऐकीव होतं. वकील म्हणेल, कुणीतरी येता-जाता बोललं असेल.

"भाषणाआधी तुम्ही कुठे होता?"

"गाडीपाशी. साहेबांच्या सदऱ्याला छोटा माईक लावत होतो. पुतण्या आला, मागच्या गल्लीतून, धापा टाकत. साडेनऊच्या आतच असेल, कारण सव्वानऊला मी वायर जोडून मोकळा झालो होतो. दोघं गाडीत बसले, मला उतरवलं. काचेआडून साहेब हसताना दिसले. बराच वेळ बसले होते. मग चढायच्या आधी साहेबांनी सवयीप्रमाणे हात पुढे केला. 'कागद.' एवढंच. बघतसुद्धा नाहीत, कुणीतरी ठेवतंच हातावर. पुतण्या गडबडला. मग सदऱ्याच्या आतून एक काढून दिला."

"कसला कागद?"

"लांबडा. चार घड्या घातलेला. साहेबांनी वरच्या कोऱ्या बाजूवर मांडीवर ठेवूनच लिहिलं."

टाचणीबाई उठल्या. स्टूल मागे पडलं. झडतीच्या टेबलावरून आत गेलेल्या माणसाकडे पेनाशिवाय काही नव्हतं. त्याच्याकडे कागद असेल, तर तो आतलाच.

"किती वाजले?"

"अडीच. का हो, काय झालं?"

"तीनला साहेबांची पत्रकार परिषद आहे ना? माईक तुमचाच?"

"माझाच."

"मग चला. आज भाषण बसणार नाही."

५

काचेच्या कपाटाच्या खोलीत अकरा पत्रकार होते, दोन कॅमेरे, आणि नेत्याच्या उजवीकडे वकील. टाचणीबाई पोलीस निरीक्षकांना घेऊन आत आल्या तेव्हा तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

"या बाई, या," नेता कॅमेऱ्यांकडे बघत म्हणाला. "आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

"मग माझं काम हलकं होईल. तुम्ही शांततेचं आवाहन आधी ठरवून केलं की जमाव निघाल्यावर, हे मला अहवालात लिहायचंय. तुमच्या मुद्द्यांच्या चिठ्ठीत शांतता लिहिलेली असेल, तर तुमच्या बाजूचं आहे."

"काही दाखवायची गरज नाही," वकील पुटपुटला.

"का नाही?" नेत्याचा आवाज चढला. अकरा पेनं त्याच्याकडे रोखलेली होती. "लिहिलंय! माझ्या हातानं लिहिलंय. आण रे ती चिठ्ठी."

पुतण्या जागचा हलला नाही. "काका, ती नको."

"का?"

"तुम्हीच म्हणाला होता..." त्याने वकिलाकडे बघितलं. "गाडीत म्हणालात, जाळून टाक. आणि उतरल्यावर म्हणालात, जपून ठेव."

"चिठ्ठी जाळ असं मी कशाला म्हणेन? अडाण्यासारखं बोलू नकोस. आण!"

पुतण्याने त्याच्याकडे बघितलं. काल दारात ऐकलेलं 'पोर कच्चं आहे' त्या बघण्यात होतं. मग तो कपाटाकडे गेला, या सालची फाईल काढली, आणि शेवटचा कागद सोडवून काकांच्या नव्हे, टाचणीबाईंच्या हातात दिला.

त्यांनी माईकजवळ जाऊन वाचलं. "मंगळवार, मैदान. एक: रिबीन, कंसात हशा. दोन: एक्केचाळीस आलीच नाही. तीन: मागचं फाटक उघडं. चार: शांतता, तीनदा."

"बघा!" नेता म्हणाला. "शांतता. तीनदा."

टाचणीबाईंनी कागद उलटा केला आणि कॅमेऱ्यांसमोर धरला.

बावन्न ओळी. बारीक, सरळ, चौतीस वर्षांचं अक्षर. एक्केचाळीसपुढे 'सील शाबूत. फीत संपल्याने पिवळी रिबीन.' खाली तीन सह्या. मधली पुतण्याची.

कॅमेरे पुढे सरकले. मग सगळेच एकदम बोलायला लागले, आणि वकील उठून खिडकीपाशी गेला, जणू तो आधीपासून तिथेच होता.

"हे... हे मला माहीत नव्हतं," नेता म्हणाला. "याने चोरून आणलं. मी कागद उलटून बघितला नाही."

"बघितला नाहीत, हे मला पटतं. नाहीतर तो इथे नसता," टाचणीबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. 'हॅलो'ने तो आपण होऊन थोडा वाढवला. "पण दहा पस्तीसला केंद्रातून फोन आला म्हणालात. यांचा फोन अजून केंद्राच्या खणात पडलाय. त्याआधी तासभर हे तुमच्या गाडीत होते. शौचालयाला म्हणून उठले, असं बाकीचे प्रतिनिधी सांगतात; सदऱ्यात तक्ता लपवला, मागच्या फाटकाची आतली कडी काढून बाहेर पडले. म्हणून फाटक उघडं होतं, म्हणून ते तुमच्या मुद्द्यांत आलं. आणि तीच कडी लावायला पहारेकरी धावला."

"बाई, मी फक्त प्रश्न विचारला होता!"

"उत्तर गाडीत ऐकून, हसून, मग विचारलात. दगड उचललेले चौऱ्याण्णव जण कोठडीत आहेत. ते खरोखरच पेटी शोधायला गेले होते. ती आली आहे, हे त्या मैदानात दोघांनाच ठाऊक होतं. एक गाडीत बसला होता. दुसरा माईकवर होता."

पुतण्या भिंतीला टेकून उभा होता. निरीक्षकांनी विचारायच्या आधीच म्हणाला, "आदल्या संध्याकाळीच ठरलं होतं. सह्या झाल्या की तक्ता घेऊन बाहेर ये. हरणार हे काकांना कळलं होतं. मी म्हणालो, काका, पेट्या सगळ्या आहेत. ते म्हणाले, असू दे, लोकांना कुठे मोजता येतात."

अकरा पेनांनी हे वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

६

अहवाल चार पन्नासला दाखल झाला. वरिष्ठांनी पहिलं पान वाचलं, चष्मा पुसला, मग उभ्यानेच उरलेली नऊ पानं वाचली.

"टाचणी," ते म्हणाले, आणि जीभ चावली.

"असू दे साहेब. नाव जुनं आहे."

हेडक्लार्कचं निलंबन त्याच संध्याकाळी रद्द झालं. सोमवारी सकाळी नऊ पन्नासला तो कचेरीत आला तेव्हा पहिल्यांदा भांडारवाली उठली, मग झडतीवरची पोलीस बाई, मग डोक्याला पट्टी बांधलेले दोघे मोजणी कारकून, मग सगळी कचेरी. कुणीतरी टाळी वाजवली आणि ती थांबेना. हेडक्लार्क गोंधळून मागे वळून बघायला लागला, आपल्यामागून कोण साहेब येतायत ते.

"तुमच्यासाठीच आहे, भाऊसाहेब," टाचणीबाई ओरडल्या. कचेरीने त्यांना ओरडताना प्रथमच ऐकलं.

जळालेल्या पेट्यांच्या मतदान केंद्रांवर बुधवारी फेरमतदान झालं. रांगा दुपारी दोनपर्यंत ओसरल्या नाहीत, इतकी माणसं आली. त्या फेरमतदानातही नेता हरला, आधीच्यापेक्षा मोठ्या फरकाने.

पुतण्याने दंडाधिकाऱ्यांपुढे जबाब दिला. तक्ता चोरल्याचा गुन्हा त्याच्यावर आहे आणि तो त्याने नाकारलेला नाही. नव्या सभागृहाचा शपथविधी होईपर्यंत नेता जुन्या सभागृहाचा सदस्य असल्याने त्याच्यावर खटला भरायला अध्यक्षांची परवानगी लागते. कागद गुरुवारी सकाळी अकराला अध्यक्षांच्या दालनात पोचले. अध्यक्ष नेत्याच्याच पक्षाचे.

दालनाबाहेर एक लाकडी बाक आहे. त्यावर दुपारपासून तिघं बसून होती: टाचणीबाई, हेडक्लार्क आणि पहारेकऱ्याची बायको. साडेचारला आतून शिपाई आला आणि म्हणाला, साहेब वाचतायत, तुम्ही घरी जा, कळवतो.

"वाचू द्या," पहारेकऱ्याची बायको म्हणाली. "आम्ही बसतो."

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता दालनाचं दार बंद होतं, आतला दिवा चालू होता, आणि तिघांपैकी कुणीही उठलेलं नव्हतं.